पत्त्यांची पागडी आणि पारस्परिकतेचा न्याय

फेब्रुवारी २०११ च्या तीन तारखेस अमेरिकेतील मायामी येथे एक छोटासा समारंभ झाला. जगातील पाच प्रादेशिक नोंदणीसंस्थांना इंटरनेटच्या पत्त्यांचे शेवटचे पाच गट, प्रत्येकी एक याप्रमाणे, वाटून देण्यात आले आणि मध्यवर्ती कोठी रिकामी झाल्याचे जाहीर झाले. धान्याचे कोठार रिकामे झाले असते तर गदारोळ उठला असता. येथे जे संपले ते डोळ्यांना दिसणारे नव्हते, म्हणून सामान्य माणसाच्या लक्षातही तो दिवस राहिला नाही. परंतु त्या दिवसापासून एका फुकट मिळणाऱ्या वस्तूला भाव आला. ज्या वस्तूला भाव येतो तिच्या वाटपाचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही, तो अर्थशास्त्राचा आणि न्यायाचा होतो.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्राकडे माहितीचे गठ्ठे पोहोचावेत म्हणून त्याला अंकांचा एक पत्ता लागतो. १९८१ साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता बत्तीस स्थानांचा ठरला. प्रत्येक स्थानी शून्य किंवा एक, तेव्हा एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्यापेक्षा एकही अधिक नाही. जमिनीची मर्यादा निसर्गाने घातलेली असते. ही मर्यादा माणसांनी घातली, आणि तीही जगाचा निम्म्याहून अधिक व्यवहार एक दिवस या जाळ्यावर चालेल याची पुसटशी कल्पना नसताना.

पहिल्या पंगतीचे मानकरी

ऐंशीच्या दशकात पत्त्यांचे वाटप दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल या संशोधकाच्या देखरेखीखाली होत असे. मागणी करावी, थोडेफार कारण सांगावे आणि गट घेऊन जावा, असा तो सरळ मामला होता. पहिल्या वर्गाच्या एका गटात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते असत. असा एकेक गट आयबीएम, झेरॉक्स, फोर्ड, जनरल इलेक्ट्रिक, अ‍ॅपल आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या पदरी पडला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे डझनभर गट गेले. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाला एक मिळाला आणि गंमत अशी की त्याच देशाच्या समाजकल्याण खात्यालाही एक मिळाला. यात कोणी कोणाला फसवले असे नव्हे. जेवणाऱ्यांची संख्या ठाऊक नसताना पहिल्या पंगतीला आग्रह करकरून वाढावे, तसे ते झाले. पण पहिल्या पंगतीने घरी बांधून नेलेले लाडू दुसऱ्या पंगतीने त्यांच्याकडून विकत घ्यावेत, ही रीत मात्र कोणत्याही घरच्या कार्यात नसते.

नव्वदच्या दशकात वाटपाला शिस्त आली. युरोप आणि पश्चिम आशियासाठी राइप, आशिया-प्रशांत विभागासाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी आरिन, पुढे २००२ मध्ये लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि २००५ मध्ये आफ्रिकेसाठी आफ्रिनिक अशा पाच नोंदणीसंस्था उभ्या राहिल्या. गरज दाखवा आणि तेवढेच घ्या, हा त्यांचा नियम. नियम उत्तम होता. फक्त तो लागू झाला तो दुसऱ्या पंगतीला. पहिल्या पंगतीची पाने कोणी तपासली नाहीत. त्याचा परिणाम आज आकड्यांत उघड दिसतो. सुमारे ३४ कोटी वस्तीच्या अमेरिकेकडे सुमारे १६० कोटी पत्ते आहेत. १४० कोटींहून अधिक वस्तीच्या भारताकडे ते सुमारे चार कोटी आहेत. अमेरिकेत माणशी साडेचार पत्ते आणि आपल्याकडे पस्तीस माणसांत एक. संपूर्ण आफ्रिका खंडाला मिळून सुमारे बारा कोटी पत्ते आले, आणि त्या खंडाची लोकसंख्या भारताच्या बरोबरीची आहे.

ज्यांच्याकडे जादा होते त्या सर्वांनीच ते दडपून ठेवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००० साली आपला पहिल्या वर्गाचा गट एक छदामही न घेता परत केला. तो मध्यवर्ती कोठीत जमा झाला आणि २०१० मध्ये एपनिकच्या वाट्याला, म्हणजे आशियाच्या वाट्याला आला. याच्या उलट मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केले की आपल्या गटातील सुमारे एक कोटी चाळीस लाख पत्ते आजवर वापरलेच गेलेले नाहीत, आणि त्यांपैकी निदान ऐंशी लाख विकता येण्याजोगे आहेत. ते अ‍ॅमेझॉनकडे गेले. दोन्ही संस्था थोर, दोघींना मिळालेला प्रसाद सारखाच. फरक पडला तो मधल्या सतरा वर्षांत प्रसादाला आलेल्या भावाने.

पागडीचा व्यवहार

हा भाव प्रथम उघड्यावर आला तो २०११ मध्येच. नॉर्टेल ही कॅनडाची दूरसंचार कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. तिच्या मालमत्तेच्या विक्रीत मायक्रोसॉफ्टने ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरांना घेतले. पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर पडले. पुढे दहा वर्षांत हा भाव पन्नास डॉलरांच्या घरात गेला आणि त्यानंतर पुष्कळ उतरला. नोंदणीसंस्था मात्र आरंभापासून बजावत आल्या आहेत की पत्ता ही कोणाची मालमत्ता नव्हे. तो वापरण्याचा अधिकार आहे आणि नोंदवहीत फक्त त्याची नोंद असते.

मुंबईकर वाचकाला यातील मेख समजावून सांगायला नको. भाडेकरू जागेचा मालक नसतो, तरीही जागा सोडताना तो पागडी घेतो. कायदा कित्येक वर्षे या पागडीकडे काणाडोळा करीत राहिला, आणि शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. पत्त्यांचे नेमके हेच झाले. मालकी नाही म्हणता म्हणता हस्तांतरणाचा अर्ज, त्याचे नियम, दलाल आणि लिलाव हे सर्व रुळले. फार तर एवढेच म्हणता येईल की पागडीत निदान मूळ मालकाचा थोडा वाटा असतो. येथे मूळ मालक म्हणजे सारे जग, आणि त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

बाजाराच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो हलका नाही. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये रेडिओलहरींच्या संदर्भात आणि १९६० मध्ये अधिक व्यापकपणे दाखवून दिले की हक्क स्पष्ट असतील आणि देवघेवीचा खर्च अल्प असेल, तर आरंभी वस्तू कोणाकडेही असली तरी ती शेवटी तिचा सर्वाधिक उपयोग करणाऱ्याकडे पोहोचते. पडून असलेले पत्ते कामाला लागले हे बाजाराचेच यश आहे. नैतिक आवाहनाने एक स्टॅनफर्ड हलले, भावाने शेकडो संस्था हलल्या. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोसच्या सिद्धांताची दुसरी बाजू वर्गात शिकवली जाते आणि बाहेर सोयीस्करपणे विसरली जाते. वस्तू कोणाकडे पोहोचेल हे आरंभीच्या वाटपावर अवलंबून नसेल. पैसा कोणाकडून कोणाकडे जाईल हे सर्वस्वी त्यावरच अवलंबून असते. आरंभीचे वाटप ‘आधी येईल त्याला’ या तत्त्वाने झाले असेल, तर बाजार त्या अपघाताचे रूपांतर कायमच्या खंडात करतो. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वाने दिलेले दूरसंचाराचे १२२ परवाने आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केले. पत्त्यांच्या बाबतीत असे करू शकणारे न्यायालय जगात अस्तित्वात नाही.

दुतर्फा दार, एकतर्फी ओघ

एका विभागातील पत्ते दुसऱ्या विभागात नेण्याची वाट २०१२ मध्ये आरिन आणि एपनिक यांच्यात सुरू झाली. २०१५ मध्ये राइप आणि २०२० मध्ये लॅकनिक त्या वाटेवर आले. पत्ते सर्वाधिक आरिनकडे, तेव्हा अटीही बव्हंशी आरिनच्याच चालल्या. त्या अटी दोन. पत्ते घेणाऱ्याने आपली गरज सिद्ध केली पाहिजे, आणि दोन्ही नोंदणीसंस्थांचे नियम परस्परांशी जुळणारे व पारस्परिक असले पाहिजेत. म्हणजे आम्ही तुमच्याकडे जाऊ दिले तर तुम्हीही आमच्याकडे येऊ दिले पाहिजे. एपनिकने २०१० मध्ये हस्तांतरणास परवानगी देताना गरजेचा पुरावा मागितला नव्हता. आरिनचे दार त्याशिवाय उघडणार नाही हे दिसल्यावर २०११ मध्ये ती अट स्वीकारणे एपनिकला भाग पडले. राइपनेही आपल्या विभागात ही अट काढून टाकली होती, पण अशा देवघेवीपुरती ती सौम्य स्वरूपात परत आणली.

गरजेची अट मुळात वाईट नाही. ती नसती तर सट्टेबाजांनी पत्त्यांचे ढीग रचून ठेवले असते. प्रश्न असा की ही अट एकाच बाजूला का? पुणे किंवा नैरोबी येथील घेणाऱ्याने पुढील काही वर्षांत किती पत्ते लागतील याचा आराखडा सादर करायचा, यंत्रांची बिले दाखवायची, अधिकाऱ्यांच्या शंकांना उत्तरे द्यायची आणि वर भावही मोजायचा. विकणाऱ्याला मात्र, इतकी वर्षे गरज नसताना हे पत्ते का अडवून ठेवले, असे कोणी विचारत नाही. गरज ही जर वाटपाची कसोटी असेल तर ती दोघांनाही लागली पाहिजे. ज्याला गरज नव्हती त्याच्या हाती गेलेली किंमत ही त्याच्या श्रमाचे वा गुंतवणुकीचे फळ नाही. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले ते याहून शुद्ध स्वरूपात क्वचितच पाहायला मिळेल.

पारस्परिकतेची अट ऐकायला अधिक न्याय्य वाटते आणि प्रत्यक्षात अधिक जाचक ठरते. आफ्रिकेतील अनेकांचे म्हणणे असे, की खंडाच्या वाट्याला मुळातच थोडे पत्ते आले आहेत; तेव्हा बाहेरून आत येऊ द्यावेत, परंतु आतून बाहेर जाऊ देऊ नयेत. आरिनच्या नियमाप्रमाणे असा एकतर्फी नियम पारस्परिक ठरत नाही, म्हणून आफ्रिनिकशी देवघेवच होत नाही. ज्याच्याकडे १६० कोटी आहेत आणि ज्याच्याकडे बारा कोटी आहेत, त्या दोघांनी सारख्याच अटीवर दार उघडावे, या मागणीत समानता आहे, पण न्याय नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारात हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. १९६५ मध्ये गॅट करारास जो चौथा भाग जोडण्यात आला, त्यात विकसित देशांनी जकातीच्या सवलतींच्या बदल्यात विकसनशील देशांकडून परतफेडीची अपेक्षा धरू नये, हे तत्त्व मान्य झाले. त्या तत्त्वाची अंमलबजावणी पुष्कळदा कागदावरच राहिली हे खरे. पण बळकट आणि दुबळा यांच्यातील पारस्परिकता ही बळकटाच्याच सोयीची असते, हे निदान श्रीमंत राष्ट्रांनी लेखी मान्य केले. इंटरनेटच्या नोंदणीसंस्थांनी तेवढेही केलेले नाही.

मात्र दार बंद ठेवले म्हणजे आतला साठा सुरक्षित राहतो, हा समजही आफ्रिकेच्या अनुभवाने खोटा ठरवला आहे. आफ्रिनिकने २०१३ ते २०१६ या काळात क्लाउड इनोव्हेशन या कंपनीस सुमारे ६२ लाख पत्ते दिले होते. हे पत्ते खंडाबाहेर वापरले जात असल्याच्या कारणावरून नोंदणीसंस्थेने ते परत घेण्याची कारवाई आरंभली. करारात अशा वापरास बंदी नाही, अशी कंपनीची भूमिका. वाद मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२१ मध्ये आफ्रिनिकची बँकखाती गोठली. २०२२ पासून संचालक मंडळ कामकाज करू शकेना, सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने व्यवस्थापक नेमला, जून २०२५ ची निवडणूक मुखत्यारपत्राच्या वादात रद्द झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कुठे नवे मंडळ निवडून आले. त्याआधीच संस्थेच्या स्वतःच्या तपासणीत चाळीस लाखांच्या आसपास पत्त्यांच्या नोंदी परस्पर फिरवल्याचे आढळले होते. बाहेर भाव आणि आत फुकट, असे दोन दर शेजारी शेजारी नांदू लागले की चोरवाट तयार होते. हे आपल्याकडे रेशनच्या साखरेने आणि रॉकेलने पुरेसे शिकवले आहे. विक्रीवर बंदी घातली तर पत्ते भाड्याने जातात. भाड्याच्या व्यवहारात नोंद जागची हलत नाही, फक्त वापर हलतो. आणि नोंदवही खोटी पडू लागते. सातबाऱ्यावर एकाचे नाव आणि नांगर दुसऱ्याचा, अशी अवस्था होते.

उशीर झाल्याची किंमत

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे एखाद्या शिक्षकाला किंवा कचेरीतील कारकुनाला वाटेल. संबंध रोजचा आहे. पत्ते अपुरे असल्याने आपल्याकडील सेवा देणाऱ्या कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. साऱ्या चाळीला मिळून एकच पत्रपेटी असावी तसा हा प्रकार. पेटीतील पत्रे योग्य त्या खोलीत पोहोचवण्यासाठी महागडी यंत्रे लागतात आणि त्यांचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात उतरतो. चाळीतील एकाने आगळीक केली आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता अडवला, तर सारी चाळ अडते. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या पोलिसांना नुसता पत्ता कळून भागत नाही. नेमकी वेळ आणि जोडणीचा क्रमांक नसेल तर शेकडो निरपराधांमध्ये एक अपराधी शोधत बसावे लागते. महाविद्यालयाला स्वतःचा संगणक जगासाठी खुला ठेवायचा असेल, तर स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचा हिशोब करून पाहावा. हस्तांतरणाने मिळणारा लहानात लहान गट २५६ पत्त्यांचा. तीस डॉलर भाव धरला तर ७,६८० डॉलर, म्हणजे साडेसहा ते सात लाख रुपये. ही रक्कम खांब, तारा किंवा माणसे यांवर खर्च होत नाही. समुद्रापलीकडच्या एखाद्या संस्थेला चाळीस वर्षांपूर्वी फुकट मिळालेल्या अंकांसाठी ती जाते. मोठ्या कंपन्यांना हे जड नाही. अ‍ॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या ग्राहकांना प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट आकारण्यास आरंभ केला. वर्षाचे सुमारे ४४ डॉलर होतात. पत्त्याच्या खरेदीच्या किमतीइतके भाडे वर्षाकाठी वसूल होते. साठेबाजीस यापेक्षा मोठे प्रोत्साहन कोणते असू शकते?

या प्रश्नावर एक ठरावीक उत्तर दिले जाते, की चौथी आवृत्ती जुनी झाली, सहाव्या आवृत्तीकडे वळा. १९९८ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत पत्ता एकशे अठ्ठावीस स्थानांचा असल्याने तुटवड्याचा प्रश्नच उरत नाही. उत्तर बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. दोन्ही आवृत्त्यांची भाषा निराळी, एकीला दुसरीशी थेट बोलता येत नाही. दुकानदार जोवर जुनेच नाणे घेतात तोवर नव्या नाण्याचा धनी बाजारात उपाशी राहतो. भारताने या बाबतीत जगाच्या पुढे मजल मारली आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओने आरंभापासूनच नव्या आवृत्तीवर भर दिला, आणि आज देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वापरकर्ते तिच्या आवाक्यात आहेत. गरजेने शोध लावायला भाग पाडले म्हणा. ज्यांच्याकडे जुने पत्ते मुबलक आहेत अशा पुष्कळ संस्थांना बदलाची घाई नाही, आणि त्यांची दिरंगाई आपल्याला जुने पत्ते विकत घ्यायला लावते. नव्या आवृत्तीकडे जाण्याचा खर्च आपण करतो आणि जुन्या आवृत्तीचा खंडही आपणच भरतो.

मग करायचे काय? जुने वाटप मोडून माणशी समान पत्ते द्यावेत, ही मागणी भाषणात शोभून दिसेल. ती अमलात आणणारी सत्ता नाही, आणि कोट्यवधी चालू यंत्रांचे पत्ते बदलणे व्यवहार्यही नाही. परंतु ज्या क्षणी पत्ते हात बदलतात, त्या क्षणी नोंदणीसंस्थेचे दार ठोठवावेच लागते. त्या नोंदीशिवाय गंभीर खरेदीदार पैसे मोजत नाही. नेमक्या त्या ठिकाणी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. आरंभीच्या काळात विनामूल्य आणि विनाकरार मिळालेल्या पत्त्यांच्या विक्रीवर किमतीचा काही अंश अधिभार म्हणून घ्यावा, आणि तो उशिरा आलेल्या विभागांतील लहान सेवादाते, विद्यापीठे व रुग्णालये यांना नव्या आवृत्तीवर नेण्यासाठी खर्चावा. पैसा असा वळवता येतो याचे उदाहरण आहे. हौशी रेडिओचालकांच्या नावे असलेल्या गटातील सुमारे चाळीस लाख पत्ते २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनला विकले गेले, दहा कोटींहून अधिक डॉलर आले आणि ते त्या क्षेत्रातील शिक्षण व संशोधनाला अनुदाने देणाऱ्या निधीत गेले. दुसरे, दरडोई पत्ते जेथे फारच कमी आहेत अशा विभागांना, फक्त आत घेण्याची मुभा पारस्परिकतेच्या अटीविना मिळावी. तिसरे, शेवटच्या सार्वजनिक साठ्यातून गरजेपोटी दिलेले पत्ते विकण्यास दीर्घ मुदतीची बंदी असावी. एपनिकने आपल्या शेवटच्या गटासाठी पाच वर्षांची अशी बंदी घातलीच आहे. भाड्याच्या व्यवहारांचीही नोंद सक्तीची हवी, नाही तर ही बंदी दुसऱ्या वाटेने पोकळ होईल.

अधिभाराने व्यवहार नोंदीबाहेर जातील, ही भीती खरी आहे. म्हणून तो हलका असला पाहिजे. ६५,५३६ पत्त्यांचा गट तीस डॉलर भावाने विकला तर सुमारे साडेएकोणीस लाख डॉलर येतात. त्यावर दोन टक्के म्हणजे चाळीस हजारांच्या आत. एवढ्यासाठी नोंद न करता वीस लाखांचा धोका पत्करणारा खरेदीदार विरळा.

नवी नोंदणीसंस्था कोणत्या अटींवर मान्य करावी याचे निकष २००१ मध्ये ठरले होते. आफ्रिनिकच्या प्रकरणानंतर त्यांची फेररचना हाती घेण्यात आली. त्या चर्चेचा सारा भर संस्थेचा कारभार बिघडला तर काय करावे यावर आहे. हस्तांतरणातून येणारा पैसा कोणाचा, हा विषय तिच्या कक्षेत घेतलेला नाही. एपनिकच्या छत्राखाली भारताची स्वतःची राष्ट्रीय नोंदणीसंस्था २०१२ पासून काम करीत आहे, आणि जगातील सर्वांत मोठ्या ग्राहकवर्गांपैकी एक तिच्या पाठीशी उभा आहे. एपनिकच्या धोरणसभा सर्वांना खुल्या असतात. तेथे प्रस्ताव मांडण्यास ना सरकारी परवाना लागतो, ना मोठी थैली. आरिनच्या पारस्परिकतेच्या अटीत सवलत मागणारा प्रस्ताव आफ्रिकेच्या आणि भारताच्या प्रतिनिधींनी मिळून अद्याप पुढे रेटलेला नाही. तो प्रथम एपनिकच्या सभेत यायला हवा, कारण सर्वाधिक खरेदीदार जिथे आहेत त्या विभागाचे म्हणणे विकणाऱ्यांना फार काळ टाळता येणार नाही.